‘अंदाजे साठ टक्के’ पुरे झालं: कोल्हापुरातल्या अभियंत्यांना आणि वास्तुविशारदांना खुले पत्र

कोल्हापूर शहर आणि परिसरातल्या सर्व सिव्हिल इंजिनिअर, आर्किटेक्ट आणि व्हॅल्युअर मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या लेटरहेडवरचा एक कागद माझ्या टेबलावर वारंवार येतो. मजकूर जवळपास ठरलेला असतो. ‘सदर मिळकतीवरील बांधकामाची प्रत्यक्ष पाहणी केली असता काम अंदाजे ६० टक्के पूर्ण झाल्याचे दिसून आले. सबब दाखला दिला असे.’ खाली सही, गोल शिक्का. कधी साठ, कधी पासष्ट, पण ‘अंदाजे’ कायम. ज्याचा ठेकेदार घराचं काम अर्धवट टाकून गेलाय तो माणूस हा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणतो आणि विचारतो, ‘मॅडम, आता पैसे मिळतील ना?’

मी इथल्या न्यायालयात आणि ग्राहक आयोगात वकिली करते. बहुतेक वेळा घरमालकाच्या बाजूने, काही वेळा ठेकेदाराच्याही. ठेकेदाराकडून उभी असते तेव्हा समोरून हा साठ टक्क्यांचा दाखला आला की मला हायसं वाटतं. साठ टक्के कशाचे? क्षेत्रफळाचे, खर्चाचे, की करारात ठरलेल्या हप्त्यांचे? मोजमाप कुठे आहे? दर कोणते धरले? पाहणीला ठेकेदाराला बोलावलं होतं का? एवढं विचारलं की दाखल्यातलं सगळं बळ निघून जातं. आणि त्याच्याबरोबर एका कुटुंबाचा लाखो रुपयांचा दावा ढासळतो.

म्हणून हे पत्र तुम्हाला लिहितेय, ठेकेदारांना नाही. ठेकेदार काम टाकून जायचा तो जाणारच. त्यानंतर घरमालकाच्या हातात काय उरतं, हे मात्र बरंचसं तुमच्या लेखणीवर ठरतं.

मुळात कायदा टक्के विचारतच नाही. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याचं कलम ७३ असं की, करार मोडल्यामुळे नेहमीच्या व्यवहारात जो तोटा साहजिकपणे होतो, किंवा करार करतानाच दोघांना ज्याची कल्पना होती, तो भरून द्यायचा. लांबचा, आडवळणाचा तोटा नाही. या कलमाखाली कायदा करणाऱ्यांनीच काही उदाहरणं दिलीत आणि त्यातली दोन थेट घराची आहेत. एकात, आगाऊ पैसे घेऊन ठरल्याप्रमाणे दुरुस्ती न करणाऱ्याने ती ठरल्याप्रमाणे करून घ्यायला येणारा खर्च द्यायचा आहे. दुसऱ्यात, १ जानेवारीपर्यंत घर बांधून द्यायचं कबूल करणारा बांधकामदार इतकं निकृष्ट काम करतो की घर पडतं. मालकाने ते घर तिसऱ्या माणसाला भाड्याने द्यायचं ठरवलेलं असतं आणि बांधकामदाराला ते माहीत असतं. तिथे पुन्हा बांधण्याचा खर्च, बुडालेलं भाडं आणि त्या तिसऱ्याला द्यावी लागलेली भरपाई, तिन्ही द्यायला लावलंय. दीडशे वर्षांपूर्वी हे लिहिणाऱ्यांना ठेकेदार कसे असतात याची चांगलीच कल्पना असणार.

म्हणजे कायद्याचा प्रश्न ‘किती झालं?’ हा नाहीच. घरमालकाला जे घर ठरलेल्या किमतीत मिळणार होतं, तेच घर आता पुरं करायला एकूण जास्तीचे किती लागतील, हा आहे. तुमच्याकडून हवी ती राहिलेल्या कामाची किंमत. तुम्ही देता झालेल्या कामाचा टक्का.

आकडे घालून सांगते. आकडे मानलेले आहेत, पण वळण रोजचं. समजा, पाचगावच्या माळावर एकाने १,६०० चौरस फुटांचं घर बांधायला काढलं. मटेरियलसह फुटाला २,००० रुपये, म्हणजे एकूण ३२ लाख. दुसरा स्लॅब पडला, वीटकाम निम्म्यावर आलं, तोवर मालकाने २१ लाख दिले. मग माणसं कमी झाली. जोतिबाची यात्रा झाली की लावतो, लग्नसराई संपली की लावतो, पाऊस उघडला की लावतो. शेवटी फोनही उचलेना.

हा मालक माझ्याकडे येतो तेव्हा त्याचं गणित तयार असतं. पहिला प्रकार रागावलेल्यांचा: ‘एकवीसच्या एकवीस लाख व्याजासकट परत हवेत.’ तसं मिळत नाही. दोन मजल्यांचा सांगाडा मालकाच्याच जागेत उभा आहे आणि मालक तो वापरणार आहे. दुसरा प्रकार हिशेबी माणसांचा: ‘काम साठ टक्के झालंय, म्हणजे १९ लाख २० हजारांचं. मी २१ दिले. एक लाख ऐंशी हजार जास्त गेलेत, तेवढे द्या.’ हा बिचारा स्वतःच स्वतःचं नुकसान करून घेतो, आणि त्याला ही वाट तुमच्या दाखल्याने दाखवलेली असते. तिसरा प्रकार नव्या ठेकेदाराचं साडेवीस लाखांचं कोटेशन घेऊन येतो आणि म्हणतो, हे सगळं जुन्याकडून वसूल करा.

आता नीट मांडणी बघा. साडेवीस लाखांच्या कोटेशनमध्ये मालकाने हौसेने ग्रॅनाइटचा जिना घातलाय, मूळ करारात नसलेली गच्चीवरची खोली घातलीय. ते साडेतीन लाख बाजूला काढायचे. मूळ करारातलंच राहिलेलं काम नव्या दराने १७ लाखांचं. झालेल्या कामात दोष आहेत, काही कॉलममध्ये काँक्रीट पोकळ राहिलंय, बाथरूमचा उतार उलटा आहे. ते सुधारायला १ लाख ४० हजार. एकूण १८ लाख ४० हजार. पण मूळ ठेकेदाराला अजून ११ लाख द्यायचे राहिले होते आणि ते मालकाच्या खिशातच आहेत. ते वजा केले की उरतात ७ लाख ४० हजार. ही त्याची मुख्य नुकसानभरपाई.

ताळा दुसऱ्या बाजूने करता येतो. करारातल्या दराने झालेलं काम १८ लाखांचं होतं, दिले २१. तीन लाख जादा गेले. राहिलेलं काम करारातल्या दराने १४ लाखांचं, आज १७ चं. दरवाढीचे तीन लाख. दुरुस्तीचे १ लाख ४० हजार. बेरीज तीच, ७ लाख ४० हजार. हिशेब दोन्ही वाटांनी एकाच आकड्यावर आला की समोरच्या वकिलाला बोट घालायला जागा उरत नाही.

दुसऱ्या प्रकारच्या मालकाने मागितले होते १ लाख ८० हजार. सात लाख चाळीस हजारांच्या हक्कातल्या ५ लाख ६० हजारांवर तो पाणी सोडत होता, ते एका ओळीच्या दाखल्याच्या भरवशावर. शिवाय या घराच्या खर्चात तुमचा एक टक्का म्हणजे ३२ हजार रुपये. ‘अंदाजे’ लिहून तुम्ही पाच टक्के इकडेतिकडे झालात, तर १ लाख ६० हजार इकडचे तिकडे.

तुम्ही म्हणाल, कोल्हापुरात घराचे करार फूट दराने होतात. ‘फुटाला दोन हजार, सगळं आलं त्यात.’ त्यात वीटकाम केवढ्याचं आणि गिलावा केवढ्याचा, हे कोणी लिहून ठेवलेलं नसतं. मग झालेल्या कामाची करारातल्या दराने किंमत काढायची कशी? अडचण खरी आहे, पण ती तुम्हीच सोडवू शकता आणि तुमच्यातले काही सोडवतातही. सबंध घराचं आयटमवार अंदाजपत्रक सार्वजनिक बांधकाम विभागाच्या त्या वर्षीच्या दरसूचीने करायचं. वरच्या घराचं ते समजा ३६ लाख आलं. करार ३२ चा, म्हणजे ठेकेदाराने दरसूचीच्या आठ नवमांश दराने काम घेतलं होतं. आता झालेलं काम आयटमवार मोजून दरसूचीने समजा सव्वावीस लाख आलं, तर त्याचे आठ नवमांश, १८ लाख. हा आकडा कोणाच्या मनातून आलेला नाही. मोजमापाची वही आणि छापील दर समोर ठेवून कोणीही तो पुन्हा काढू शकतो. मोजमापाची पद्धत कोणती, यावरही वाद नको. आयएस १२०० हे भारतीय मानक त्यासाठीच आहे.

एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही आणि तुम्ही ती त्यांना सांगत नाही. सांगाडा उभा राहिला की डोळ्याला घर झाल्यासारखं वाटतं. पण गिलावा, फरशी, दारं-खिडक्या, प्लंबिंग, वायरिंग, रंग, पाण्याची टाकी, कंपाउंड हे सगळं अजून यायचं असतं, आणि मालकाचा खरा जीव तिथेच जातो. हप्ते मात्र जोत्याला इतके, पहिल्या स्लॅबला इतके, दुसऱ्याला इतके, असे सुरुवातीलाच जड ठेवलेले असतात. दुसरा स्लॅब पडेपर्यंत ठेकेदाराच्या हातात कामापेक्षा जास्त पैसे आलेले असतात. पुढचं काम म्हणजे त्याच्या दृष्टीने खर्चच खर्च. काम टाकून जाणारे बहुतेक याच टप्प्यावर का जातात, याचं उत्तर माणसाच्या स्वभावात शोधण्याआधी हप्त्यांच्या तक्त्यात शोधा. तो तक्ता अनेकदा तुमच्याच ऑफिसात टाइप झालेला असतो. काम पुढे आणि पैसे मागे, असा तक्ता करा, शेवटचे पाच-दहा टक्के ताबा देईपर्यंत अडकवून ठेवा.

आता जरा अवघड विषय. बँकेचा दाखला.

गृहकर्जाचा हप्ता सुटावा म्हणून टप्प्याचा दाखला लागतो. मालक घाईला आलेला असतो, ठेकेदार पैशासाठी मागे लागलेला असतो आणि तुमच्याकडून काम ‘७५ टक्के पूर्ण’ असा कागद जातो. त्या दिवशी सगळे खूश. सहा महिन्यांनी ठेकेदार पळतो. मालक तुमच्याकडेच नवा दाखला मागतो आणि तुम्ही खरं लिहिता, ५६ टक्के. मग ठेकेदाराचा वकील बँकेतून पहिला कागद मागवतो आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवतो. सही एकच, शिक्का एकच, वर काम कमी झालेलं. यानंतर तुमच्या कुठल्याच आकड्यावर विश्वास ठेवावा असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? कर्जासाठी फुगवून दिलेला दाखला मालकाच्या भल्यासाठी दिला असं तुम्ही समजता. तो ठेकेदाराच्या हातात दिलेला पुरावा असतो. माझ्या अनुभवात घरमालकाचा दावा सर्वांत जास्त बुडवणारा कागद हाच.

दोषांबद्दल. ‘काम निकृष्ट दर्जाचे आहे’ हे वाक्य निरुपयोगी आहे. कुठला कॉलम, कुठल्या मजल्यावर, काय दिसलं, सळई किती उघडी, रिबाउंड हॅमरचं (काँक्रीटची ताकद अजमावायच्या उपकरणाचं) रीडिंग किती, आणि मुख्य म्हणजे सुधारायचं कसं आणि त्याला खर्च किती. सुधारण्याचा उपाय रास्त हवा. फरशीचा रंग वेगळा बसवला म्हणून अख्खा मजला उखडण्याचा खर्च कोणी मंजूर करणार नाही. पण कॉलम कमकुवत असेल आणि जॅकेटिंगशिवाय (कॉलमभोवती नवं सळई-काँक्रीटचं कवच घातल्याशिवाय) इलाज नसेल, तर तसं ठामपणे लिहा, कारण द्या. कामगार निघून जाताना स्लॅबखालचे टेकू कधी काढले हेही विचारून नोंदवा. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबखालचे टेकू सात दिवस आणि त्याहून मोठ्याचे चौदा दिवस ठेवायचे असतात. सेंट्रिंगच्या प्लेटा दुसऱ्या साइटला न्यायच्या म्हणून चौथ्या दिवशी काढल्या असतील तर उद्या पडणाऱ्या तड्याचं मूळ तिथे आहे.

आणि पाऊस. आपल्याकडे हा मुद्दा पुण्यापेक्षाही जड आहे. कलम ७३ च्या शेवटी एक स्पष्टीकरण आहे: नुकसान ठरवताना, झालेली गैरसोय दूर करण्याचे जे उपाय हाताशी होते तेही विचारात घ्यायचे. म्हणजे घरमालकाने हातावर हात ठेवून बसायचं नाही. एप्रिलमध्ये ठेकेदार गेला, कॉलमच्या वरच्या सळया उघड्याच राहिल्या, जून ते सप्टेंबर कोल्हापूरचा पाऊस त्यावर पडला आणि ऑक्टोबरमध्ये गंज काढायचा खर्च मागितला, तर ठेकेदार विचारणार, तुम्ही का नाही झाकलं? सळयांना सिमेंटचा घोळ लावणं, स्लॅबवर पाणी साचणार नाही असं करणं, उघडी भिंत ताडपत्रीने झाकणं, उरलेली सिमेंटची पोती कोरड्या जागी हलवणं किंवा लगेच विकून टाकणं, हे पहिल्याच भेटीत लेखी सांगा. त्याचा खर्च भरपाईत मागता येतो.

ठेकेदारही पावसाचा आधार घेतात. ‘पुरामुळे काम थांबलं.’ २०१९ आणि २०२१ चा पूर आपण सगळ्यांनी पाहिलाय, तेव्हा आयोगापुढे हे वाक्य वजनदार वाटतं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. तिथे पाणी चढलं की नदीकाठच्या वस्तीतलं काम थांबणार, त्यात ठेकेदाराचा दोष नाही. पण पाचगावच्या माळावर पंचगंगा कुठून येणार? आणि पाणी ओसरल्यावर पाच महिने माणसं का आली नाहीत? तुमच्या अहवालात जागेची उंची, पाण्याची खूण आहे की नाही, शेवटचं ताजं काम कुठलं दिसतं, हे लिहिलेलं असेल तर हा बचाव तिथेच थांबतो.

काम थांबलं आणि काम सोडलं, यातला फरक तारखेने सिद्ध होतो. करार पूर्ण करायला ठेकेदाराने नकार दिला, शब्दांनी किंवा वागण्याने, तर करार कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे मालक करार संपवू शकतो. त्यासाठी आधी स्पीड पोस्टाने नोटीस जावी: अमुक दिवसांत काम सुरू करा, नाहीतर दुसऱ्याकडून तुमच्या खर्चाने करून घेऊ. तक्रार किंवा दावा दाखल करायची मुदत याच तारखांवरून मोजली जाते. ग्राहक आयोगात दोन वर्षं, दिवाणी न्यायालयात तीन. ‘उद्या येतो’च्या व्हॉट्सअॅपवर भुलून लोक ती घालवतात. नुकसानीचा खर्चही काम सोडल्यानंतरच्या रास्त काळातला धरला जातो. मालक दोन वर्षं बसून राहिला आणि दरम्यान सिमेंट-सळई महागली, तर ती महागाई ठेकेदाराच्या डोक्यावर टाकणं कठीण. म्हणून तुमची पाहणी लवकर हवी.

बाकीचे खर्च थोडक्यात. सध्या राहत असलेल्या घराचं वाढीव महिन्यांचं भाडं मागता येतं, पण ठेकेदाराला माहीत होतं हे दाखवावं लागतं, तेव्हा ताब्याची तारीख करारात हवी. भाडंही मागायचं आणि त्याच काळासाठी गुंतलेल्या रकमेवर व्याजही मागायचं, हे एकाच तोट्याचे दोनदा पैसे मागणं दिसतं. ‘उशिराला दिवसाला हजार रुपये’ असं करारात असलं तरी कलम ७४ प्रमाणे ती कमाल मर्यादा असते. त्या आत जे वाजवी असेल तेवढंच मिळतं. सळईवाला दुकानदार उधारीसाठी मालकाच्या दारात येतो. माल मालकाने मागवला नसेल, हमी दिली नसेल, तर ती उधारी ठेकेदाराची. मजुरीने दिलेल्या कामात हेच गणित मजुरीपुरतं करायचं आणि वाया गेलेलं मटेरियल त्यात घालायचं. नव्या कोटेशनमध्ये जीएसटी धरलाय आणि जुन्या दरात तो नव्हता, किंवा उलट, तर तुलना करण्याआधी दोन्ही सारखं करा. आणि तोंडी वाढवून घेतलेलं काम, जादा बाथरूम, रुंद केलेला जिना, ते ठेकेदाराच्या बाजूला जमा करा. ते लपवलेला अहवाल एका फोटोत उघडा पडतो.

कधीकधी हिशेब मालकाच्या विरुद्ध निघतो. वरच्याच घरात मालकाने २१ ऐवजी १२ लाखच दिले असते, तर त्याच्याकडे २० लाख शिल्लक आणि पूर्ण करायला १८ लाख ४० हजार. नुकसान शून्य, फार तर उशिराचं भाडं, आणि ठेकेदारच झालेल्या कामाचे पैसे मागेल. हे मालकाला पहिल्याच दिवशी कळलं पाहिजे. तेवढ्यासाठी वकिलाकडे जाऊन वर्ष घालवायची गरज नाही.

लोक आधी पोलीस ठाण्यात जातात, तिथे ‘हे दिवाणी आहे’ म्हणून परत पाठवतात, आणि सुरुवातीपासूनच फसवण्याचा हेतू दिसत नसेल तर ते बरोबरही असतं. काही महारेराकडे, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांसाठीच्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, जायला निघतात. आपल्या प्लॉटवर आपण ठेकेदाराकडून बांधून घेतलेलं घर तिथे येत नाही. ग्राहक आयोगाची वाट मात्र उघडी आहे. घरबांधणी ही सेवा आहे हे सर्वोच्च न्यायालयाने लखनौ विकास प्राधिकरण विरुद्ध एम. के. गुप्ता या खटल्यात केव्हाच स्पष्ट केलंय आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या व्याख्येतही ती आहे. सेवेसाठी दिलेले पैसे पन्नास लाखांपर्यंत असतील तर जिल्हा आयोगातच तक्रार होते. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंचही कोल्हापुरात बसतंय, त्यासाठी आपण किती वर्षं भांडलो. पण खालीच मोजमापाचा कागद नसेल तर वर जाऊन काय दाखवणार?

तुम्ही अहवाल द्यायला का कचरता, हे मला ठाऊक आहे. ठेकेदार तुमच्याबरोबर चार साइटवर काम करतो. कित्येकदा मालकाला तो तुम्हीच सुचवलेला असतो. ‘त्याच्या पोटावर पाय कशाला?’ असं तुमच्यातले सज्जनही म्हणतात. शिवाय एकदा सही केली की साक्षीला यावं लागेल, दिवस मोडेल. यातली पहिली भीती मला पटत नाही. मोजमाप हे कुणाच्या विरुद्ध नसतं. वरच्या उदाहरणात ठेकेदाराचं १८ लाखांचं काम तुमच्या वहीनेच सिद्ध होतं. एकवीस लाख परत मागणाऱ्या मालकापासून त्याला वाचवणारंही तेच. ज्या घराची देखरेख तुमच्याकडे होती, तिथे मात्र अहवाल तुम्ही स्वतः देऊ नका. दुसऱ्याकडून करून घ्या आणि तुमची साइटची वही त्याच्या हवाली करा.

साक्षीची भीती बरीचशी अकारण आहे. आयोगात पुरावा बहुतेक प्रतिज्ञापत्रावर चालतो. अहवालाला तुमचं प्रतिज्ञापत्र जोडा, शिक्षण आणि अनुभव लिहा, म्हणजे तज्ज्ञाचं मत म्हणून तो उभा राहतो. फोटो मोबाइलवरचे असतील तर २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. त्याचा नमुना कुठलाही वकील देईल. फोटोत टेप दिसू द्या.

पाहणीच्या आधी ठेकेदाराला चार ओळींचं पत्र जाऊ द्या: अमुक तारखेला, अमुक वाजता, साइटवर मोजमाप घेणार आहोत, हजर राहा, न आल्यास तुमच्या गैरहजेरीत घेऊ. तो आला तर मोजमापावर त्याची सही घ्या. सही नाकारली तर ‘हजर होते, सही नाकारली’ असं लिहा. आला नाही तर पोस्टाची पावती अहवालाला लावा. नंतर ‘माझ्या माघारी काहीही लिहिलं’ म्हणायला त्याला तोंड राहत नाही. साइटवर पडलेलं सामान त्याच भेटीत मोजा: वाळू किती ब्रास, सळई कुठल्या व्यासाची किती नग, विटा किती. सेंट्रिंगचं साहित्य ठेकेदाराचं असतं. ते मालकाने अडवून ठेवलं असेल तर परत द्यायला सांगा, नाहीतर उलटी तक्रार तयारच आहे. नवा ठेकेदार विटेला हात लावण्याआधी हे सगळं झालं पाहिजे. त्याने गिलावा चढवला की जुन्याचं काम कुठे संपलं हे कोणीच सांगू शकत नाही.

राहता राहिली फी. अशा अहवालाला दोन-तीन दिवस जातात, तेव्हा साध्या दाखल्याच्या फीत तो करू नका. योग्य फी घ्या, बिल द्या, पैसे बँकेतून घ्या. ते बिल मी तक्रारीच्या खर्चात लावते. आणि फीचा अहवालातल्या आकड्याशी काही संबंध नाही, हे अहवालातच एका ओळीत लिहून टाका. उलटतपासातला पहिला प्रश्न बहुतेक तोच असतो.

आपली,
कोल्हापुरात वकिली करणारी एक वकील